माडीची सागवानी जमीन: रंग शेवटी, कड आधी

आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घराची माडी दोन खणांची. जमीन सागवानाची. खाली तुळया, तुळयांवर कड्या, म्हणजे आडवे बारीक वासे, आणि कड्यांवर वीतभर रुंद फळ्या. खालच्या स्वयंपाकघरातून मान वर केली की तीच तक्तपोशी, आणि जिना चढून आलं की तीच पायाखालची जमीन. आजी होती तोवर या जमिनीवर कायम सतरंजी असायची. दोन वर्षांपूर्वी सतरंजी उचलली तेव्हा खालचं लाकूड पहिल्यांदा नीट पाहिलं. मधे वर्दळीचा पट्टा राखाडी पडलेला, भिंतीकडे तांबूस चकचकीत, देवघरापुढे समईच्या तेलाचा गोल आणि खिडकीखाली खिळ्यांभोवती काळेनिळे डाग.

मला वाटलं, मशीन आणायचं, घासायचं, वॉलनट रंगाचे दोन हात मारायचे की झालं. टिंबर मार्केटमध्ये सगळी हयात घालवलेले एक मिस्त्रीकाका बघायला आले. मी रंगांचं कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. जिन्याच्या तोंडाशी जिथे फळ्यांची कड उघडी असते, तिथे उकिडवे बसले, कडेला अंगठा लावून जाडी जोखली आणि म्हणाले, "ताई, रंगाचं शेवटी बघू. हिच्यात लाकूड किती उरलंय ते आधी बघू द्या."

जुनी लाकडी जमीन नवी करण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं त्या वाक्यात आहे. रंग चुकला तर काढता येतो, पॉलिश बिघडलं तर पुन्हा करता येतं. एकदा भुसा होऊन उडालेलं लाकूड मात्र परत येत नाही.

जाडीचा हिशेब

पूर्ण घासणी, म्हणजे जुनं पॉलिश काढून खालचं कोरं लाकूड वर आणणं, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड खाते. हात सैल असेल तर दोन. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण वाड्याच्या माडीवरची फळी नुसती शोभेची नसते, ती दोन कड्यांच्या मधे तुमचं वजन पेलत असते. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. 20 मिलिमीटरची फळी तासून 18 वर आणली, तर जाडी 10 टक्क्यांनी कमी होते, पण ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी. मग चालताना जमीन लवते, खिळे सैल होतात, कुरकुर सुरू होते आणि लोक म्हणतात, लाकूड जुनं झालं.

म्हणून जाडी मोजा. जिन्याच्या तोंडाशी उघडी कड नसेल तर दोन फळ्यांमधल्या फटीत पातळ पुठ्ठ्याची पट्टी खालच्या कडीला टेकेपर्यंत सरकवा आणि वर पेन्सिलीने खूण करा. एकाच जागी मोजू नका. आमच्याकडे भिंतीपाशी 22 मिलिमीटर भरलं आणि दारात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पाय पडले, तिथे 17. सगळी खोली सपाट करायचा हट्ट धरला असता तर भिंतीकडचं चांगलं लाकूडही 17 पर्यंत उतरवावं लागलं असतं. दारातला तो उतार आम्ही तसाच ठेवला.

फ्लॅटमधलं 'वुडन फ्लोअरिंग' ही वेगळी गोष्ट आहे. त्यातलं बरंचसं लॅमिनेट असतं, म्हणजे दाबून केलेल्या बोर्डावर लाकडाचा छापील फोटो आणि त्यावर कडक पारदर्शक थर. ते घासता येत नाही, घासलं की फोटोच जातो. दुसरा प्रकार इंजिनिअर्ड वुडचा. त्यात खाली प्लायसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा असतो. पापुद्रा तीन-चार मिलिमीटरचा असेल तर एखाद-दुसरी घासणी सोसतो, एक मिलिमीटरच्या आत असेल तर हात लावू नये. ही दोन्ही नाहीत आणि फळी आरपार लाकडाचीच आहे, अशी खात्री झाल्यावरच पुढचं वाचा.

घासायचंच आहे का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. पॉलिशवाल्याला काम हवं असतं आणि आपल्याला फरक दिसायला हवा असतो. पण वरचा थर नुसता ओरखडलेला, मंद झालेला असेल आणि लाकूड उघडं पडलेलं नसेल, तर 120 किंवा 150 नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर मोठा तितका पेपर बारीक) थर फक्त खरखरीत करायचा, पुसून घ्यायचा आणि नवा हात मारायचा. लाकूड जराही जात नाही.

कळायचं कसं? वर्दळीच्या जागी पाण्याचे चार थेंब सोडा आणि दहा मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखे तसेच राहिले तर थर शाबूत आहे. पाणी हळूहळू शोषून डाग काळसर पडला तर तिथे लाकूड उघडं आहे.

आता जुनं पॉलिश कोणतं ते ओळखायचं. कान साफ करायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून कोपऱ्यात अर्धा मिनिट फिरवा. थर चिकट झाला आणि कापूस मधाच्या रंगाचा झाला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही, पण लॅकर थिनरने थर विरघळला, तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे भिंतीपाशी काडी लगेच चिकटली आणि तांबूस झाली. लाखच ती. मधल्या पट्ट्यात काडी नुसती मळकट झाली, तिथे पॉलिश कधीच संपलं होतं.

तिसरी चाचणी मेणाची. पांढरं फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून चोळा. फडक्यावर पिवळट ओशट थर आला तर वर मेण आहे. मेणावर पीयू बसत नाही, काही महिन्यांत सोलून निघतं. मेण आधी टर्पेंटाइनने पूर्ण उतरवायचं आणि मगच पेपरला हात लावायचा, नाहीतर घासताना तेच मेण तापून लाकडात आणखी मुरतं.

एखाद्या भागावर, विशेषतः भिंतीलगतच्या पट्ट्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर सावध व्हा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं नसेलच असं धरून चालू नका. असा रंग कोरडा घासू नये. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला बाधते. रंगाचे पोपडे ओले करून पत्तीने उचला आणि बंद पिशवीत भरा.

डाग: प्रत्येकाचं कारण निराळं

खिळ्यांभोवतीचे काळेनिळे डाग मळाचे नाहीत. लाकडात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो, खिळ्यात लोखंड. पाणी मिळालं की दोघांचा संयोग होऊन शाईसारखा रंग तयार होतो. जुनी शाई करायची पद्धतही हीच होती. हा डाग घासून जात नाही, कारण तो खोल मुरलेला असतो, आणि घासत राहिलं तर तेवढ्याच जागी खड्डा पडतो. त्याला उपाय ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा. लिटरभर कोमट पाण्यात साधारण 50 ग्रॅम, भांडं प्लास्टिकचं, हातात रबरी मोजे. जुनं पॉलिश काढून झाल्यावर कोऱ्या लाकडावर ब्रशने लावायचं, फक्त डागावर न लावता पूर्ण फळीला, नाहीतर डाग जाऊन तिथे पांढरा ठिपका उरतो. ते वाळताना काळेपणा डोळ्यांदेखत फिकट होत जातो. मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने तीनदा पुसून घ्यायचं. अ‍ॅसिडचे वाळलेले स्फटिक फळीवर राहिले आणि तसंच घासलं तर ती धूळ नाकाघशाला झोंबते. हे अ‍ॅसिड पोटात गेलं तर विष आहे, मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका.

समईच्या तेलाचा डाग वेगळा. तेल मुरलेल्या जागी रंग शिरत नाही आणि पॉलिश धरत नाही. मुलतानी माती थिनरमध्ये दाटसर कालवून डागावर थापायची, वर प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून माती वाळू द्यायची. वाळताना ती तेल ओढून घेते. आमच्या डागाला तीन वेळा माती थापावी लागली.

हळदीच्या डागाला काहीच करू नका. हळदीतलं कर्क्युमिन उन्हाने विटतं. खिडकी उघडी ठेवा, थोड्या दिवसांत डाग आपोआप फिका होतो.

वाळवीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण फळीच्या कडेला येणारं पांढरट लाकूड तिला चालतं. हातोडीच्या दांड्याने फळी ठोकत जा. टणक आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तिथे टोच्या घुसवून बघा. पोकळ निघाली तर ती फळी बदला, आणि नवीन साग आणण्यापेक्षा जुनाच शोधा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात आणि बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात उतरवलेल्या वाड्यांचं लाकूड मिळतं. जंगलात सावकाश वाढलेल्या जुन्या सागाच्या रेषा जवळजवळ असतात. लागवडीच्या नव्या सागाची फळी शेजारी बसवली तर दोघींचा रंग आणि पोत जुळत नाही.

घासणी

इथे मला स्वतःचा अनुभव सांगायलाच हवा. मिस्त्रीकाका येण्याआधी मी खिडकीजवळचा एक पट्टा एका ठेकेदाराकडून करून घेतला होता. त्याच्या माणसाने हातात धरायचा बेल्ट सँडर आणला, जाड पेपर लावला आणि जिथे डाग दिसेल तिथे मशीन दाबून धरलं. दिवसा सगळं छान दिसलं. संध्याकाळी ऊन तिरपं आत आलं तेव्हा फळ्यांवर लाटा दिसल्या, वाळूत पाण्याने उठवाव्यात तशा. तिथे दोन मिलिमीटर लाकूड कायमचं गेलं. मला आजही त्या पट्ट्याकडे बघवत नाही.

मशीन नेहमी चालतं ठेवायचं. आधी पुढे सरकायला लागायचं आणि मग टेकवायचं, थांबण्याआधी उचलायचं. मोठ्या खोलीसाठी जमिनीवर चालवायचा ड्रम सँडर भाड्याने घेतला तर काम सपाट होतं, पण त्याच्या हाताखाली चूकही तितक्याच वेगाने होते. पहिल्यांदा करत असाल तर गोल थरथरणारा ऑर्बिटल सँडर घ्या. वेळ लागतो, पण तो खड्डा पाडत नाही. कोपऱ्यात कोणतंही मशीन जात नाही. तिथे लोखंडी पत्तीने रेषेच्या दिशेने खरवडायचं. मशीन लावण्याआधी वर आलेले सगळे खिळे पंच लावून दोन मिलिमीटर खाली ठोका. एक खिळा राहिला तरी पेपर फाटतो आणि ठिणगी उडते.

पेपरचे नंबर गाळू नका. 40, मग 60, मग 80, शेवटी 100 किंवा 120. मोठ्या नंबरचा पेपर फक्त आधीच्या पेपरचे ओरखडे काढू शकतो. 40 वरून थेट 120 वर उडी मारली तर हाताला गुळगुळीत लागतं, पण खोल ओरखडे आतच राहतात आणि रंग लावला की काळ्या रेघोट्या होऊन वर येतात. फळी फार वाकडी नसेल तर 40 लावूच नका, 60 पासून सुरू करा.

मिस्त्रीकाकांनी एक साधी युक्ती दाखवली. प्रत्येक पेपर लावण्याआधी फळ्यांवर पेन्सिलने आडव्यातिडव्या नागमोडी रेघा मारायच्या. रेघ पुसली की तिथलं काम झालं, पुढे सरकायचं. रेघ राहिली तर तिथे अजून खोलगट आहे. त्यामुळे एकाच जागी उगाच घासणं थांबतं. आणि रात्री दिवे मालवून टॉर्च जमिनीवर आडवी ठेवायची. तिरप्या उजेडात राहिलेला प्रत्येक ओरखडा सावली टाकतो.

धुळीबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. लाकडाच्या बारीक धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन-95 लावा. दुसरं, जुन्या पॉलिशची धूळ पिशवीत कोंबून घरात ठेवू नका, ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकते. रोजची धूळ रोज घराबाहेर न्या. वाड्यात आणखी एक अडचण असते. फळ्यांमधल्या फटींतून सगळी धूळ खालच्या खोलीत पडते. आम्ही खालच्या स्वयंपाकघरात आत्याच्या ओट्यावर, फडताळावर ताडपत्री बांधली होती, तरी आठवडाभर तिच्या डब्यांवर भुसा मिळत होता.

फटी आणि पुण्याची हवा

घासून झालं की फळ्यांमधल्या फटी डोळ्यात भरतात आणि त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा मोह होतो. थांबा. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ते लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. साग त्यात शांत गणला जातो. ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत त्याची रुंदी पाच-सहा टक्क्यांच्या आतबाहेर कमी होते. तरीही हिशेब करा. 20 सेंटिमीटर रुंद फळीतला ओलावा ऋतूप्रमाणे पाच टक्क्यांनी बदलला तर ती सुमारे दोन मिलिमीटर हलते. पुण्यात एप्रिलची दुपार रणरणती कोरडी आणि जुलैत आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. एप्रिलमध्ये दिसणारी फट ऑगस्टमध्ये बंद होते. ती कडक लांबीने भरली तर पावसाळ्यात फुगलेली फळी लांबी चुरून बाहेर फेकते, आणि जागाच उरली नाही तर फळीच उचलली जाते.

म्हणून बारीक फटी तशाच ठेवा. फारच रुंद असतील तर सागाची पातळ फाचर तासून एकाच बाजूच्या फळीला सरसाने चिकटवा, दुसरी बाजू मोकळी. खिळ्यांची भोकं मात्र भरा. भुसा आणि फेविकॉल कालवून भरायची घरगुती पद्धत आहे, पण वाळलेला फेविकॉल रंग पीत नाही आणि नंतर तो ठिपका फिकट दिसत राहतो. लाकडाच्या रंगाचा तयार फिलर वापरा. लाखेत चॉक पावडर, गेरू आणि पिवडी कालवून रंग जुळवायची जुनी पद्धतही चांगली आहे.

कामासाठी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत बरे. त्या दिवसांत फळी ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण आकसलेली. पावसाळ्यात स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि पॉलिश दुधाळ होतं. मे महिन्यात उलट, थर इतका पटकन वाळतो की ब्रशचे वळ आणि बुडबुडे तसेच राहतात. थंडीतही सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर हात मारू नका.

आता रंग

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. सागात उन्हाळी-पावसाळी वाढीच्या सुरुवातीला मोठ्या तोंडाच्या नळ्या तयार होतात आणि नंतर दाट, बंद लाकूड. स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारे रंग, दोन तऱ्हेचे मिळतात. पिगमेंटचे कण जाडसर असतात, ते मोठ्या नळ्यांत आणि पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतात, त्यामुळे रेषा गडद होतात आणि मधलं लाकूड फिकट राहतं. डाय पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळलेला असतो, तो तंतूंत शिरतो, रंग एकसारखा देतो, पण उन्हात लवकर उडतो. खिडकीशी ऊन येत असेल तर पिगमेंट बरा.

यातून काही गोष्टी आपोआप समजतात. शेवटचा पेपर जितका बारीक तितका रंग फिका, कारण कणांना धरायला ओरखडे उरत नाहीत. अर्धी खोली 100 ने आणि अर्धी 150 ने घासली तर एकाच डब्यातला रंग दोन तऱ्हेचा दिसतो. फळीचं कापलेलं टोक नळ्यांची उघडी तोंडं दाखवतं, म्हणून ते भसाभस रंग पितं आणि काळं पडतं. टोकाला आधी ही तोंडं बुजवणाऱ्या पातळ सीलरचा हात द्या. रंगाआधी ओलसर फडक्याने सगळी जमीन सारखी पुसून वाळू दिली तर तंतू उठतात आणि रंग जास्त खोल बसतो, पण पुसाल तर पूर्ण खोली पुसा, अर्धी नको.

लावताना एका वेळी दोन-तीन फळ्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मधेच थांबलात तर जोडाची रेघ कायमची राहते. लावल्यावर तीन-चार मिनिटांनी वरचा सगळा रंग फडक्याने पुसून काढा. गडद हवा म्हणून थर तसाच ठेवला तर तो नीट वाळत नाही आणि पॉलिश त्याच्यासकट सुटतं. दोन डबे असतील तर आधी एका बादलीत एकत्र करा. नमुना कपाटाखालच्या फळीवर घ्या आणि त्यावर पॉलिशचा हात मारूनच ठरवा. ते दिवसाच्या उजेडात आणि रात्री बल्बखाली, दोन्ही वेळा बघा.

हे सगळं सांगून माझं मत सांगते. सागाला रंग लावू नका. निदान लगेच तरी नको.

ताजा घासलेला साग बघून मी घाबरले होते. कुठे हिरवट, कुठे पिवळट, मधे तपकिरी पट्टे. बरेच जण नेमक्या याच क्षणी वॉलनटचा डबा उघडतात. मिस्त्रीकाका म्हणाले, "तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवा. मग मला बोलवा." उजेडाने आणि हवेने साग स्वतःचा रंग बदलतो. पहिल्या आठवड्यात हिरवट झाक गेली. दुसऱ्या आठवड्यात पट्टे एकमेकांत मिसळू लागले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळी जमीन मधासारखी झाली, आणि तिच्यावर मी मारणार होते तो रंगाचा डबा तसाच परत दिला. एक काळजी घ्या. या दिवसांत खोलीत सतरंजी, खोकी, पाट काही ठेवू नका. ठेवलेल्या वस्तूखाली उजेड पोचत नाही आणि तिचा आकार जमिनीवर उमटतो. मोजे घालूनच आत जा.

कोणतं पॉलिश

लाखेचं पॉलिश माझ्या आवडीचं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या लाखेच्या किड्यांनी स्रवलेली राळ, तिची चपडी, म्हणजे वाळलेल्या पातळ चकत्या, स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायची आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने हातावर हात चढवायचे. नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, म्हणून दुरुस्तीचा जोड दिसत नाही. पण तिच्यावर पाणी साचलं की पांढरा डाग पडतो, गरम पातेलं ठेवलं की ठसा उमटतो, सॅनिटायझरचा थेंबसुद्धा ती सोसत नाही. कमी वर्दळीच्या खोलीत लाख शोभते, स्वयंपाकघराच्या वाटेवर नाही.

पीयू कडक, पाण्याला दाद न देणारं. त्याची अडचण दुरुस्तीची. मधेच एक जागा खराब झाली तर ठिगळ दिसतं, पूर्ण खोली खरखरीत करून पुन्हा हात द्यावा लागतो. हार्डनर मिसळायच्या पीयूमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे. धुळीचा मास्क तिथे कामाचा नाही, रसायनांसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क लागतो, आणि घरात दमेकरी असेल तर त्याला दुसरीकडे राहायला पाठवा. पाण्याच्या बेसचं पीयू वासाला सौम्य असतं. तिसरा पर्याय तेल-मेणाच्या पॉलिशचा. ते लाकडात मुरतं, चकाकी कमी, दर वर्षा-दोन वर्षांनी झिजल्या जागी पुन्हा चोळावं लागतं, पण त्यासाठी घासणी लागत नाही. लाकूड वाचवायचं असेल तर हा गुण मोठा आहे. आम्ही वर्दळीच्या खोलीत हेच केलं आणि देवघराच्या खणात लाख.

साग मुळात तेलकट. पीयू लावणार असाल तर हात मारण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसा आणि तासाभरात काम सुरू करा, उशीर केला तर आतलं तेल पुन्हा वर येतं. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण 100 ते 120 चौरस फूट होतात. 180 चौरस फुटांची खोली, तीन हात, म्हणजे पाच लिटरच्या आसपास. प्रत्येक दोन हातांमधे 220 चा पेपर हलका फिरवा, धूळ पुसा.

आगीचं अगदी गंभीरपणे सांगते. थिनर आणि स्पिरिटच्या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या जमिनीलगत सरकतात आणि माडीवरून जिन्याने खाली उतरतात. खाली गॅस पेटलेला असला, देवापुढे निरांजन असलं, तर तिथून आग वर येऊ शकते. पॉलिशच्या दिवशी आमच्या देवघरात दिवा लावला नाही, आत्यानेही शेजारच्यांकडे स्वयंपाक केला. आणि अळशीच्या तेलाचं पॉलिश वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्यात उष्णता निघते, आणि बोळ्याच्या आत ती कोंडली की काडी न लावता फडकं पेटतं. वापरून झाल्यावर ते बादलीतल्या पाण्यात बुडवा किंवा गच्चीवर एकेरी पसरून वाळवा.

वाळणं आणि पिकणं यात फरक आहे. हात लावून कोरडं लागलं तरी पीयू पूर्ण कडक व्हायला आठवडा ते महिना जातो. तोवर सतरंजी नको, कपाट ओढायचं नाही, उचलून ठेवायचं, पायांखाली नमद्याचे तुकडे. आणि रोज लादी पुसायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी शेजारी बसून समजावून सांगा: बादली माडीवर आणायची नाही, फिनेल नाही, घट्ट पिळलेलं फडकं फिरवायचं आणि लगेच कोरड्याने पुसायचं. फटींत रोज झिरपणारं पाणी घासणीपेक्षा जास्त नुकसान करतं.

काम संपल्यावर मिस्त्रीकाकांनी पेन्सिल मागितली. जिन्याच्या तोंडाशी, फळीच्या उघड्या कडेवर त्यांनी तारीख घातली, त्याखाली दारातली जाडी 16 आणि भिंतीपाशी साडेएकवीस, आणि त्याखाली कुठे कोणतं पॉलिश ते. पुढे कधी कुणी मशीन घेऊन जिना चढेल, त्याला आधी ते दिसेल.